कम्युनिटी कॉलेजमधून मेडिकल असिस्टंट : चौकशीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

आमच्या दवाखान्यात सकाळी सव्वाआठला पहिला पेशंट येतो. त्याला नावाने हाक मारून आत न्यायचं, वजन-उंची घ्यायची, बीपी, नाडी, श्वास, ताप मोजायचा. तो घेत असलेल्या गोळ्या संगणकावरच्या यादीशी ताडून बघायच्या आणि आज कशासाठी आलाय ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. डॉक्टर खोलीत पाऊल टाकायच्या आधी हे सगळं झालेलं असावं लागतं. हे करणारी मी, म्हणजे मेडिकल असिस्टंट.

मी मूळची साताऱ्याची, शिक्षण बी.कॉम. लग्नानंतर न्यू जर्सीत आले. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा माझं वय छत्तीस होतं. त्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या कमी फीच्या सार्वजनिक कॉलेजात, नाव घातलं. आता मंडळाच्या सहलीला किंवा गणपतीत कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, हे नेमकं केलंत कसं?" प्रसादाच्या रांगेत उभं राहून याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, कारण हा पेशा या रूपात आणि हे कॉलेज या रूपात इथलंच आहे.

आधी नाव नीट समजून घ्या

मेडिकल असिस्टंट म्हणजे नर्स नव्हे. नर्सला राज्याचा परवाना असतो आणि तिला पेशंटची अवस्था स्वतः जोखण्याचा अधिकार असतो. आपल्याला तो नसतो. फोनवर कोणी "छातीत दुखतंय, काय करू?" असं विचारलं तर आपल्या मनाने सल्ला द्यायचा नाही, ठरलेल्या पद्धतीने ताबडतोब डॉक्टर किंवा नर्सकडे द्यायचं. पेशंट प्रेमाने नर्स म्हणाला तरी दुरुस्त करायचं. फिजिशियन असिस्टंट हा तर तिसराच पेशा, त्याला मास्टर्स पदवी लागते आणि ते लोक औषधं लिहून देतात. भारतातल्या नातेवाइकांना दोन्ही 'डॉक्टरचे असिस्टंट'च वाटतात, त्यामुळे अर्ज भरताना नाव दोनदा वाचा.

कामाचा निम्मा भाग खुर्चीवरचा असतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. अपॉइंटमेंट लावणं, विमा चालू आहे का ते बघणं, महागड्या तपासणीसाठी विमा कंपनीची आगाऊ मंजुरी मिळवणं, निदानाचे आयसीडी-१० आणि उपचाराचे सीपीटी कोड. माझी बी.कॉम. इथे उपयोगी पडली. कोऱ्या चेहऱ्याने होल्डवर थांबून, चौथ्यांदा तोच क्लेम नंबर शांतपणे सांगायची तयारी हवी.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच तपासा. तुम्ही भारतातून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलं असेल तर आधी एनक्लेक्सचा, म्हणजे इथल्या नर्सच्या परवाना-परीक्षेचा, रस्ता बघा. तुमची पात्रता इथे जास्त किमतीची आहे. एमबीबीएस असाल तर यूएसएमएलईचा, म्हणजे डॉक्टरांच्या परवाना-परीक्षेचा, रस्ता वेगळा. बीएएमएस, बीएचएमएसवाल्यांना मात्र तो रस्ता खुला नाही, आणि त्यांच्यातल्या काही जणी या कामात मनापासून रमलेल्या मी बघितल्या आहेत. पेशंटशी बोलण्याची त्यांची सवय पहिल्या दिवसापासून दिसते.

शेवटी नर्सच व्हायचं असेल तर मेडिकल असिस्टंट ही त्याची पहिली पायरी समजू नका. इथले प्रात्यक्षिकांचे विषय नर्सिंगला सहसा धरत नाहीत. प्रयोगशाळेसह असलेलं शरीररचनाशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, इंग्रजी निबंधलेखन, मानसशास्त्र एवढेच विषय पुढे कामी येतात.

शेवटाकडून सुरुवात करा

बहुतेक जण घराजवळचं कॉलेज शोधतात, मग फी बघतात, आणि परीक्षेचा विचार कोर्स संपत आल्यावर करतात. याच्या उलट चाला. आधी ठरवा, कोणतं प्रमाणपत्र हवंय.

ठळक नावं तीन. एएएमए ही मेडिकल असिस्टंटांची राष्ट्रीय संघटना, १९५६ सालची. तिचं प्रमाणपत्र सीएमए. दुसरं एएमटी या संस्थेचं आरएमए. तिसरं एनएचए या संस्थेचं सीसीएमए. नोकरीच्या जाहिरातीत कुठे "सीएमए किंवा समकक्ष" असतं, तर कुठे तिन्ही चालतात. तुमच्या भागातल्या वीस जाहिराती उघडून वहीत रकाने पाडा : कोणतं प्रमाणपत्र मागितलंय, रक्त काढायचा अनुभव हवा का, संगणकप्रणाली कोणती. एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यातून कॉलेजच्या समुपदेशकापेक्षा जास्त कळतं.

यातलं सीएमए सगळ्यांत कडक. त्या परीक्षेला नव्याने शिकणाऱ्याने बसायचं तर कोर्स सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या दोनपैकी एका संस्थेने मान्य केलेला सहसा असावा लागतो. सीसीएमएला ही अट नाही, प्रशिक्षण पुरं केल्याचा दाखला चालतो. म्हणून कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारा : "हा कोर्स, कॉलेज नव्हे, कोर्स, कोणाकडून मान्यताप्राप्त आहे?" कॉलेजची मान्यता वेगळी आणि कोर्सची वेगळी. उत्तर गोलमोल आलं तर त्या मान्यता-संस्थांच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, तिथे यादी असते.

त्यात राज्याराज्यांचे नियम निराळे. वॉशिंग्टन राज्यात २०१३ पासून मेडिकल असिस्टंटला राज्याकडून स्वतंत्र प्रमाणपत्र किंवा नोंदणी घ्यावी लागते. न्यू जर्सीत इंजेक्शन द्यायचं काम डॉक्टर प्रमाणित असिस्टंटलाच सोपवू शकतात. कॅलिफोर्नियात प्रमाणपत्र सक्तीचं नाही, पण इंजेक्शनांसाठी १० तास आणि रक्त काढण्यासाठी १० तास प्रशिक्षण, शिवाय प्रत्येक प्रकार ठरावीक वेळा करून दाखवल्याची लेखी नोंद लागते. नवऱ्याची बदली टेक्सासहून सिॲटलला होण्याची शक्यता असेल तर सगळीकडे चालेल असंच प्रमाणपत्र धरा. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांत नोकरीमुळे राज्य बदलतं.

एकाच कॉलेजची दोन दारं

इथे मी स्वतः फसता फसता वाचले, म्हणून जरा थांबते.

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेतली जुनी सोय. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ सालचं, देशातलं सगळ्यांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांच्या पदव्या, छोटी प्रमाणपत्रं, कमी फी, आणि वर्गात अठराच्या पोरीशेजारी पन्नाशीचा माणूस. मला हेच आवडलं. पण बऱ्याच कॉलेजांत 'मेडिकल असिस्टंट' नावाचे दोन कोर्स असतात. एक क्रेडिटचा, म्हणजे ज्याचे विषय पदवीत जमा धरले जातात असा : साधारण एका वर्षाचं प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांची, सुमारे ६० क्रेडिटची असोसिएट पदवी. दुसरा 'कंटिन्युइंग एज्युकेशन' किंवा 'वर्कफोर्स' विभागाचा, काही महिन्यांचा, विनाक्रेडिट. दोन्हींची माहिती देणाऱ्या बायका वेगळ्या, इमारती वेगळ्या, आणि एकीला दुसरीचं ठाऊक नसतं.

मी माहितीपत्रक उचललं ते दुसऱ्याचं. सहा महिन्यांत होतं म्हणून खूश होऊन चेक लिहायला बसले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या एका हैतीच्या बाईने विचारलं, "यातून सीएमएला बसता येतं का?" काउंटरवर उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, येत नव्हतं.

छोटा कोर्स वाईट असतो असं मी म्हणत नाही. लवकर कमवायला लागायचं असेल, तुमच्या भागात सीसीएमए चालत असेल, तर तो योग्य ठरू शकतो. पण तो समजून-उमजून घ्या. त्याची क्रेडिटं पुढे कुठे जमा होत नाहीत आणि त्याला सरकारी शैक्षणिक मदत सहसा लागू नसते.

खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे : कम्युनिटी कॉलेजात जागा मिळत असेल तर तिकडे वळू नका. कोरिन्थियन कॉलेजेस या कंपनीच्या 'एव्हरेस्ट' शाळांमधून कितीतरी लोक कर्ज काढून हाच कोर्स करत होते. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने उरलेल्या सगळ्या शाखा एकदम बंद केल्या. २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलर कर्ज माफ केलं. म्हणजे मधली सात वर्षं लोक ते ओझं वागवत होते.

व्हिसा आणि पैसे

एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असताना शिकता येतं, त्यासाठी विद्यार्थ्यांचा एफ-वन व्हिसा घ्यावा लागत नाही. नोकरी करायची तर ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, लागतं. २०१५ पासून ते काही एच-फोर जोडीदारांना मिळतं, ढोबळपणे ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालाय किंवा एच-वन-बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली आहे त्यांना. एल-टू, म्हणजे कंपनीतल्या बदलीवर आलेल्यांच्या, जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाच्या दर्जासोबतच कामाची मुभा आहे. ईएडी नसताना कोर्स करणार असाल तर दोन प्रश्न आधीच लेखी विचारा : प्रॅक्टिकम, म्हणजे दवाखान्यातलं विनावेतन काम, या व्हिसावर करता येईल का, आणि सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय पोलीस-पडताळणी होईल का. पहिला प्रश्न वकिलाला, दुसरा कॉलेजला. तीन सेमिस्टर झाल्यावर हे कळणं फार वाईट.

फी राहण्याच्या जागेवर ठरते. न्यू जर्सीत काउंटीतल्यांना एक दर, बाहेरच्यांना जास्त. कॅलिफोर्नियात रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर. तुमच्या व्हिसावर तुम्ही 'रहिवासी' धरले जाता की नाही, हे राज्याप्रमाणे बदलतं. पहिल्या बिलात चुकून बाहेरचा दर लागला असेल तर भाडेकरार आणि ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन स्वतः जा. माझं बिल असंच दुरुस्त झालं.

सरकारी मदतीचा एफएएफएसए अर्ज ग्रीन कार्डवाले आणि नागरिक भरू शकतात, एच-फोरवाले नाही. त्यातही एक खाच : पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, आधी पदवी घेतलेल्याला सहसा मिळत नाही. पदवी भारतातली असली तरीही. तेव्हा बी.ए., बी.कॉम. झालेल्या मैत्रिणींनो, ती रक्कम हिशेबात धरू नका, आणि पदवी लपवूही नका. फीशिवाय पुस्तकं, स्क्रब्ज (दवाखान्यातला गणवेश), बूट, लशी, पडताळणी, परीक्षा-शुल्क हे सगळं वेगळं. पहिल्या सेमिस्टरला ते एकदम अंगावर येतं.

कागदपत्रं, लशी आणि बीसीजीचा घोळ

प्रवेशाला बारावी झाल्याचा पुरावा पुरतो. पण पदवीची क्रेडिटं धरून घ्यायची असतील तर गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्या संस्थांना विद्यापीठाकडून थेट किंवा मोहोरबंद लिफाफ्यातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेली अधिकृत गुणपत्रकं, लागतात. भारतात कोणी धावपळ करणारं असेल तर सहा महिने आधी सांगून ठेवा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणी दाखलाही लागतो. आपल्याकडे मधलं नावसुद्धा बदलतं, हे इथल्या कारकुनाला दोनदा समजावावं लागलं मला. कॉलेजची इंग्रजी आणि गणिताची प्रवेश-चाचणीही हलक्यात घेऊ नका. कमी गुण पडले तर आधी पायाभूत इंग्रजीचे वर्ग करावे लागतात आणि एक सेमिस्टर जातं.

आता लशी. प्रात्यक्षिकाआधी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, फ्लू आणि हिपॅटायटिस बी यांचा पुरावा मागतात. लहानपणीची कार्डं आपल्याकडे क्वचित सापडतात. मग रक्तातली प्रतिकारशक्ती तपासणारी टायटर चाचणी करून घ्या. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे अर्धं वर्ष. कोर्स सुरू व्हायच्या आधीच पहिला टोचून घ्या.

आणि टीबीची चाचणी. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्या लशीमुळे हातावर सुई टोचून करायची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, पत्रं आणि विनाकारण धसका. पहिल्याच भेटीत सांगा, "मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी हवी." क्वांटिफेरॉनसारख्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. कॉलेजच्या यादीत त्वचाचाचणी लिहिली असली तरी रक्तचाचणी चालेल का ते विचारा, सहसा चालते. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र दुर्लक्ष करू नका, तो खरा निष्कर्ष असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

याशिवाय मादक द्रव्यांची चाचणी, पोलीस-पडताळणी आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड, म्हणजे हृदय बंद पडल्यावर करायच्या प्रथमोपचाराचं, लागतं. ते दोन वर्षं चालतं. हातात बांगड्या, लांब किंवा खोटी नखं, लोंबतं मंगळसूत्र चालत नाही. मी छोटं मंगळसूत्र स्क्रब्जच्या आत घालते. सेकंद काटा असलेलं घड्याळ मात्र हवंच.

वर्गातले शब्द

पहिलं सेमिस्टर वैद्यकीय शब्दांचं. शेकडो शब्द, आणि पाठांतराने घाबरायला होतं. पण संस्कृत समास सोडवलेल्यांना हे जमतं. शब्द शेवटाकडून फोडायचा. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, 'ऑटमी' म्हणजे छेद देणं, 'ऑस्टमी' म्हणजे नवं तोंड करणं. 'हायपर' म्हणजे अति, 'हायपो' म्हणजे कमी. मी एका बाजूला मूळ शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ अशा पट्ट्या करून स्वयंपाकघराच्या कपाटांवर चिकटवल्या होत्या. सारख्या आवाजाच्या जोड्या वेगळ्या ठेवा : डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेझिया म्हणजे बोलायला त्रास. एक अक्षर चुकलं तर पेशंट भलत्याच तज्ज्ञाकडे जाईल.

पुस्तकातल्यापेक्षा अवघड असते पेशंटच्या तोंडची इंग्रजी. 'चार्ली हॉर्स' म्हणजे पोटरीत आलेला गोळा. 'द रन्स' म्हणजे जुलाब. उलट आपण सहज 'लूज मोशन' म्हणतो, ते इथे कोणाला कळत नाही. यासाठी वेगळी छोटी वही करा. आकड्यांत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' ऐकताना गोंधळ होतो, म्हणून "वन-फाइव्ह?" असं सुटं विचारायची सवय लावा. तारीख इथे आधी महिना, मग दिवस. जन्मतारीख ही पेशंटची ओळख पटवायची खूण असल्याने आपली दिवस-महिन्याची सवय मोडावीच लागते.

औषधांच्या गणितात आपली मुलं-माणसं पुढे असतात. ४४ पाउंडाचं मूल म्हणजे २० किलो, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ५०० साठी १० मिलिलिटर. पण लिहायची पद्धत शिका : अर्धा नेहमी ०.५ असा, पुढे शून्य ठेवून. आणि पाच कधीही ५.० असं नाही. टिंब पुसट असलं की पन्नास वाचलं जातं.

वर्गातले हात

मान्यताप्राप्त कोर्समध्ये प्रत्येक कौशल्याची 'चेकऑफ' परीक्षा असते. शिक्षिका यादी घेऊन उभी राहते, तुम्ही करून दाखवायचं. लेखी परीक्षेत ऐंशी टक्के चालतील, पण सीएएएचईपीच्या कोर्समध्ये हातची सगळी कौशल्यं एकूण एक पार करावी लागतात. हात धुणं, नाव आणि जन्मतारीख विचारणं, काय करणार ते सांगणं यातलं काही राहिलं की बाकी अचूक असूनही नापास. सुरुवातीला मला हे जाचक वाटायचं. दवाखान्यात पहिल्याच महिन्यात एकाच आडनावाचे दोन पटेल शेजारच्या खोल्यांत बसले होते, तेव्हा ती सवय का लावली ते कळलं.

बीपी घ्यायला सोपं वाटतं, म्हणून तेच सगळ्यांत जास्त चुकतं. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, लघवी तुंबलेली नको. दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, पट्टा दंडाच्या मापाचा. लहान पट्टा लावला तर आकडा वर जातो आणि एखाद्याला उगाच गोळी सुरू होते. आधी मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवा, नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा, सोडून पुन्हा त्याच्या ३० वर फुगवा. मग हवा सेकंदाला २ ते ३ अंशांनी सोडा. पहिला ठोका वरचा आकडा, ठोके थांबतात तो खालचा. या वेळात कोणी बोलायचं नाही. आपले पाहुणे आलेले आई-बाबा नेमके तेव्हाच बोलतात. आधीच सांगा, "एक मिनिट गप्प बसू या."

मी घरातल्या प्रत्येकाचं रोज बीपी घ्यायचे. इंजेक्शनचा सराव कॉलेजात संत्र्यावर होतो. त्वचेखाली ४५ अंश, स्नायूत ९०, त्वचेच्या थरात जेमतेम १० ते १५. सुया घरी आणू नका.

रक्त काढणं हा बहुतेकांचा भीतीचा विषय. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते : कोपराच्या खळगीत दाबल्यावर उसळी घेते ती. ही बोटांची ओळख सुईशिवाय करता येते. बस थांब्यावर मी स्वतःचाच हात चाचपत असे. रबरी पट्टा एका मिनिटाहून जास्त बांधून ठेवू नका, सुई १५ ते ३० अंशांत घाला. टोपणांच्या रंगांवरून ट्यूबचा क्रम पाठ करा आणि कारणासह करा : कल्चरच्या (जंतू वाढवून बघायच्या) बाटल्या, मग फिकट निळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं, पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. ते सुईवाटे पुढच्या ट्यूबमधल्या रक्तात मिसळलं तर तपासणीत पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम कमी दिसतं. कारण माहीत असलं की क्रम विसरत नाही. लेबल पेशंटसमोरच लावा. त्याच्याकडे पाठ फिरवून लावलेलं लेबल माझ्या शिक्षिकेच्या मते लावलेलंच नसतं.

ईसीजीला बारा लीड असतात पण चिकटवायच्या पट्ट्या दहाच. छातीवरच्या सहा जागांना व्ही-वन ते व्ही-सिक्स म्हणतात. त्यात व्ही-थ्रीच्या आधी व्ही-फोर लावा, पाचव्या बरगड्यांच्या फटीत, मग व्ही-टू आणि व्ही-फोरच्या मध्ये व्ही-थ्री. हत्यारं निर्जंतुक करणं, लघवीची पट्टी, घशातल्या स्ट्रेप जंतूची तपासणी हे पटकन जमतं.

सुई टोचली गेली तर घाबरून लपवू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावं लागतं. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवायचं नाही, थेट लाल डब्यात.

प्रॅक्टिकम

शेवटी दवाखान्यात काम. सीएएएचईपीच्या कोर्समध्ये किमान १६० तास, सहसा विनावेतन आणि दिवसा. मूल लहान असेल तर याची सोय कोर्स सुरू करतानाच लावा. सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांचं तिकीट या काळात बसवा. आमच्या बॅचच्या तिघींनी असंच केलं.

जागा कॉलेज देतं, पण आवड सांगता येते. मी फॅमिली प्रॅक्टिस मागितली. तिथे तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळे येतात आणि हात सगळ्याला लागतो. रिकामं उभं राहू नका, "पुढची खोली मी तयार करू?" असं विचारा. मात्र न शिकवलेलं काम कोणी घाईत सोपवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

मराठी किंवा हिंदी बोलणारे आजी-आजोबा आले की सगळे तुमच्याकडे बघतील. जिव्हाळ्याने दोन शब्द बोला, पण निदान किंवा उपचार समजावताना दुभाषा व्हायचं की नाही हे वरिष्ठांना विचारूनच. ते प्रशिक्षित दुभाष्याचं काम आहे. आणि मंडळात भेटणारी काकू पेशंट म्हणून दिसली तर ती दिसलीच नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा हिपा कायदा १९९६ चा, तो दवाखान्याच्या दारात संपत नाही. नवऱ्यालाही सांगायचं नाही.

परीक्षा आणि पहिली नोकरी

प्रॅक्टिकम संपल्यावर महिन्याभरात परीक्षा द्या, लांबवू नका. सीएमएला २०० प्रश्न, चाळीस मिनिटांचे चार भाग. सीसीएमएला गुण धरले जाणारे १५० आणि चाचणीपुरते ३० प्रश्न, वेळ तीन तास. माझे कच्चे विषय विमा आणि कायदा हे होते, रक्तदाब नव्हे. बहुतेकांचं तसंच होतं, कारण हाताची कामं रोज केलेली असतात.

पगाराची खरी कल्पना असू द्या. केंद्रीय कामगार आकडेवारी विभागानुसार २०२३ मध्ये या पेशाचा मध्यम पगार वर्षाला ४२,००० डॉलर होता, म्हणजे तासाला वीसच्या आसपास. २०२३ ते २०३३ या काळात जागा १५ टक्क्यांनी वाढतील असा त्यांचा अंदाज होता. आयटीतल्या नवऱ्याच्या पगाराशी तुलना करून कोणी नाक मुरडेल. दिवसभर उभं राहावं लागतं हेही खरं. पण बहुतेक दवाखाने संध्याकाळी आणि रविवारी बंद असतात, आणि माझ्या नावाची पाटी माझ्या छातीवर आहे.

प्रॅक्टिकमच्याच जागी आधी विचारा, मला नोकरी तिथेच मिळाली. मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा : एका डॉक्टरमागे किती असिस्टंट, पहिले किती आठवडे कोणी सोबत असेल, प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा खर्च कोण करतं. सोबत कोणी नसेल असं कळलं तर पहिली नोकरी म्हणून ती जागा मी घेणार नाही.

सीएमए दर ६० महिन्यांनी, सीसीएमए दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, बीएलएसही दोन वर्षांनी. तारखा फोनमध्ये टाका. कॉलेज सोडण्याआधी चेकऑफच्या सगळ्या कागदांच्या, तासांच्या नोंदींच्या आणि लशींच्या प्रती मागून घ्या आणि एका फाइलमध्ये लावा. राज्य बदललं की नवा दवाखाना नेमके तेच कागद मागतो, आणि तोवर तुमच्या शिक्षिकेने कॉलेज सोडलेलं असू शकतं.